पाकोळी आणि बूच

पाली, उत्तन
१४ नोव्हेंबर २०२४

महिपत,

पाकीट फोडलंस, इथंच मी निम्मा जिंकलो. माझं अक्षर बघून तू ते तसंच चुलीत सारशील असं एडना म्हणाली, म्हणून वरचा पत्ता तिच्या हातानं लिहून घेतला. पत्ता दिला तुझ्या सुलूनं. गुहागरला फोन केला की पोरगी दर वेळी म्हणते, "बाबा झोपलेत, काका." सकाळी दहाला? कोंबड्याच्या आधी उठून वाकसाला धार लावणारा माणूस तू!

एकोणीस वर्षं झाली आपण बोललो नाही. आपण बांधलेली 'सागरफूल' होडी बुडाली त्या सकाळपासून. ते मढं आज उकरत नाही. आज मला तुझे हात हवेत, म्हणून लाज खुंटीला टांगून लिहितोय.

तुझ्या चेणं गावात एक विमान आहे.

हसू नकोस. तुझ्या बंद घरावरून पुढं गेलं की फणसाच्या मागं पत्र्याची शेड आहे ना, तिच्यात. गिरिजाबाई म्हणून आहेत, मीरा रोडला राहतात, साठीला टेकल्यात. सगळी उमर मोठाली प्रवासी विमानं चालवून आता निवृत्त झाल्या. महिन्यामागं त्या पालीच्या किनाऱ्यावर आल्या तेव्हा मी एका जुन्या होडीची फळी बदलत होतो. आता सगळ्या होड्या फायबरच्या. लाकडाचं काम म्हणजे आजारी म्हाताऱ्यांची सेवा. मला म्हणाल्या, "मेस्त्री, लाकडाचा पंख बांधाल?"

मी म्हटलं, "देवदूताचा काय? गेल्या नाताळात देवळातल्याचा एक मोडला होता, तो मीच जोडलाय."

"नाही हो. विमानाचा."

गेलो. म्हटलं बघायला काय जातंय. त्यांनी शेडचं दार सरकवलं आणि महिपत, मी डोक्यावरची टोपी काढली. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप वर गेला, देवळात जातो तसा.

एवढंसं आहे ते. आपल्या दोन वल्ह्यांच्या होडीहून थोडं लांब. एकावर एक असे दोन पंख. पुढं इंजिन, त्याचे सात सिलिंडर फुलाच्या पाकळ्यांसारखे गोल मांडलेले. पांढरं अंग, लाल पट्टा, रंग उडालेला. पण रेघ! नाकापासून शेपटीपर्यंत एक रेघ अशी उतरत गेलीय की तुझ्या हातच्या होडीची आठवण झाली. युरोपात कुठंतरी सत्तर-ऐंशी वर्षांमागं कुणी म्हाताऱ्यानं आखलंय. त्याचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही, पण तो आपल्यातलाच असणार. फुकटचं एक लाकूड नाही त्यात. असली जगात आता बोटांवर मोजण्याएवढी उरलीत म्हणे. विमानाचंही परदेशी नाव आहे. मी आपलं 'पाकोळी' ठेवलं. बाईंनाही आवडलं.

आत डोकावलो. म्हटलं, "बाई, दुसरी शीट कुठाय?"

"नाहीच. एकच."

"मग सोबत कोण बसतं?"

"कुणी नाही. हे कुठं जायला बांधलेलंच नाही, मेस्त्री. आकाशात कोलांट्या मारायला बांधलंय. उलटं, सुलटं, उभं. माझ्या गुरूंचं होतं. मी खालून बघायचे. जाताना माझ्या नावे करून गेले. मी अजून एकदाही त्यात उडालेले नाही."

एकदाही नाही, महिपत. बारा वर्षं ते शेडमध्ये आणि बाई त्याच्याकडं बघत. का, तर खालचा डावा पंख आतून कुजलाय. पंखाचा कणा म्हणजे एक लांब तुळई. तिचा हातभर भाग कापून नवं लाकूड जोडायचंय. बोटभर जाडीला बारा बोटं लांब असा तिरका काप, दोन्हीकडून, मधून कागद जाता कामा नये. नकाशा बघितला आणि म्हटलं, हा तर महिपतचा सांधा! माझा सांधा होडीला चालतो, कारण वरून राळ बसते. तुझा सांधा डोळ्यांना दिसतच नसे.

बरगड्या बघायला तरी ये. एक बरगडी दोन बोटांत उचलली, वजन सुक्या बोंबलाएवढं. आणि त्यावर माणूस उलटा लटकणार.

ये. तुझ्या घराची चावी कुणाकडं असेल तर सांग, झाडून ठेवतो.

कॅजिटन


पाली
२ फेब्रुवारी २०२५

महिपत,

उत्तर नाही. बरं. सुलू म्हणाली पत्र पोचलं, बाबांच्या उशीखाली आहे. चुलीपेक्षा उशी बरी.

तू आला नाहीस, पण सांधा तुझ्याच पद्धतीनं केला. डोळे मिटून आठवलं, तू शेवटचा रंधा मारताना श्वास सोडायचास, आणि लाकडाकडं न बघता भुशाकडं बघायचास. भुसा सलग रिबिनीसारखा निघाला की हात थांबवायचास. पाच सांधे केले, पाच फेकले. सहावा ठेवला. परवानावाले इंजिनिअर आले, माझ्या नमुन्याच्या सांध्याला वजन टांगून मोडून बघितला. लाकूड फाटलं, सांधा जागचा हलला नाही! इंजिनिअर म्हणाले, "कुठं शिकलात?" मी म्हटलं, "चेण्याच्या महिपत मेस्त्रींकडं बघून." खोटं नाही बोललो.

मग पंखाला कापड चढवलं. ते बरगड्यांना दोऱ्यानं शिवावं लागतं, दर चार बोटांवर गाठ. गिरिजाबाई पुस्तक उघडून गाठ शिकवायला बसल्या, तर एडना म्हणाली, "बाय, पुस्तक मिट. ही जाळ्याचीच गाठ हाय." आठ दिवसांत माझ्या बायकोनं पंख शिवला. कापडावर ते वासाचं औषध फासलं की कापड असं ताणतं, ढोलकीच्या चामड्यागत. टिचकी मारली की बोलतं. एडना जाता-येता टिचकी मारते आणि हसते. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्या कामावर ती अशी हसलेली मला आठवत नाही.

बाईंचा एक नियम आहे. पाकोळीच्या पोटात हात घालण्याआधी खिसे रिकामे करायचे. "उलटं झालं की आत राहिलेलं सगळं खाली येतं, मेस्त्री. एक खिळा विमान वळवायच्या दांडीत अडकला तर मी गेले." पहिल्या दिवशी मी टेबलावर खिसा उलटा केला. जपमाळ, पेन्सिल, चष्म्याची डबी, आणि एक लाकडाची गुडदी. बाईंनी उचलून बघितली. "हे काय?"

"तंबाखूच्या डबीचं झाकण," म्हटलं.

मी तंबाखू खात नाही हे तुला ठाऊक आहे. बाईंना ठाऊक नाही. असो. म्हाताऱ्याच्या खिशात काय काय असतं.

आणखी एक सांगायचं तर, पंखाच्या खालच्या कडेला, दोन बरगड्यांमधल्या दर खणात एक बारीक भोक निघालं. वाळवीचं नव्हे, नीट पाडलेलं. इंजिनिअर आतलं लाकूड तपासून, सही करून गेले होते. बाई आठ दिवस उडण्याच्या परवान्यासाठीच्या डॉक्टरी तपासणीच्या धावपळीत. विचारायचं कुणाला? कुणा आळशी माणसानं खिळ्यांची भोकं तशीच सोडली असणार. मी सागाच्या बारा खुंट्या तासल्या, सरस लावून ठोकल्या, वरून कापड असं बसवलं की भोक होतं असं कुणी म्हणणार नाही. थेंब आत जाणार नाही. कॅजिटनच्या हातून भोक राहिलं असं आता कुणी म्हणायचं नाही.

विमान एवढं देखणं झालंय की बाई त्याच्याभोवती चपला काढून फिरतात.

कॅजिटन


पाली
१० जुलै २०२५

महिपत,

दोन ओळीच लिहितो.

मे महिन्यात इंजिन सुरू केलं. बाईंनी पुढचा पंखा हातानं फिरवला. तीनदा खोकलं आणि मग जे लागलं! आपल्या होडीचं इंजिन भांडतं, हे गात होतं. चेण्याच्या शेतातले बगळे उठले.

जूनमध्ये वाऱ्यानं शेडचा एक पत्रा उडाला. दोन दिवस पाणी आत येत होतं. आता नवा बसवलाय. पाकोळीला काही नाही. थोडा ओलावा, एवढंच.

तिकडं तब्येत कशी आहे? सुलू म्हणते तू रंध्याला हात लावत नाहीस. दाराची कडी निसटली तरी दुसरा सुतार बोलावतोस म्हणे. हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं तू तिकडं होड्या बांधत असशील.

पुढं लिहिता येत नाही.

कॅजिटन


पाली
३१ ऑगस्ट २०२५

महिपत,

हे पत्र बसून वाच. सोबत पुडीत काय आहे ते आधी उघडू नकोस.

पाच दिवसांमागं खानदेशातल्या धावपट्टीवर न्यायला म्हणून पाकोळीचे पंख उतरवायला घेतले. डावा खालचा पंख मी एका टोकाला धरला, बाईंनी दुसऱ्या. उचलला आणि बाई थांबल्या. म्हणाल्या, "मेस्त्री, पंखात पाणी वाजतंय."

वाजत होतं. शहाळं हलवल्यासारखं.

उडालेल्या पत्र्याचं पाणी पंखाच्या मुळाकडच्या उघड्या तोंडातून आत गेलं होतं. आत गेलेलं पाणी बाहेर पडावं म्हणूनच तर त्या आखणाऱ्या म्हाताऱ्यानं दर खणाला एक भोक ठेवलेलं. बारा भोकं. आणि तुझ्या या शहाण्या दोस्तानं बाराच्या बारा खुंट्या मारून बुजवली. होडीवाल्याचं डोकं, दुसरं काय. भोक दिसलं की बुजव. आपल्याकडं पाणी बाहेर ठेवायचं असतं. वाऱ्यात जगणाऱ्याला पाणी आत ठेवून चालत नाही, हे मला कोण सांगणार? कुणी सांगायला नको होतं. मी विचारायला हवं होतं.

कापड फाडून बघितलं. अडीच महिने पाणी आत. चार बरगड्या सुटल्यात, कण्याच्या सांध्यापाशी काळा डाग.

बाई खाली वाकल्या. पंखाखाली बसून त्यांनी एका खुंटीवर बोट ठेवलं. "ही कुणी मारली?"

आणि महिपत, माझं तोंड उघडलं ते असं, "तो पत्रेवाला नीट..."

एवढंच. पुढचा शब्द मी तिथंच तोडला. कारण हे वाक्य मी आधी एकदा बोललोय. तोच सूर, तेच 'नीट'. ऐकणारा तू होतास.

मी बाईंना म्हटलं, "मी मारल्या. बाराच्या बारा. पत्रेवाल्याचा काही दोष नाही." त्या रागावल्या, दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या आणि म्हणाल्या, "मेस्त्री, हे तुम्ही बोलला नसतात तर मी उजवा पंख उघडून बघायचा विचारही केला नसता. तिथंही मारल्यात?" तिथंही मागाहून मारल्या होत्या, चार. त्या काढल्या. माझ्या कबुलीनं त्यांचा जीव वाचला असं त्या म्हणतात. मला ते ऐकवत नाही.

आता पुडी उघड.

ओळखलंस? तुझ्याच हातचं आहे. फणसाचं लाकूड, डोक्यावर तुझी तीन खाचांची खूण. 'सागरफूल'चं बूच.

तू आदल्या संध्याकाळी ते होडीच्या तळाच्या भोकात बसवलं होतंस. रिवाजाप्रमाणं तीनदा ओरडलाही होतास, "बूच बसलं!" सगळ्या किनाऱ्यानं ऐकलं होतं. तुझ्याकडून काही चुकलं नव्हतं. मध्ये एक सर आली, होडीत ढोपरभर पाणी साचलं. पहाटे मी एकटाच गेलो. पाद्री आशीर्वाद द्यायला येणार, होडी चकचकीत दिसावी म्हणून मी बूच उपटलं, पाणी काढलं आणि बूच खिशात टाकलं. तेवढ्यात बँडवाले आले. मग पाद्री, नारळ, हार, पोरंटोरं. होडी ढकलली. पुढचं तू बघितलंसच, खडकावर आडवी झाली आणि नवं इंजिन पाण्यात.

लोक तुझ्यावर धावले. तू म्हणालास, "मी बसवलं होतं." तुझी नजर माझ्याकडं होती. मी म्हटलं, "मग गेलं कुठं? नीट ठोकलं नसशील."

ते बोलताना माझा हात खिशात होता, महिपत. आणि हाताला बूच लागलेलं होतं.

मी काढलं नाही. म्हटलं उद्या सांगू. मग लोक तुला 'बूचवाला' म्हणायला लागले, आणि उद्याचा परवा झाला. तू चेणं सोडलंस तेव्हा म्हटलं, आता सांगून काय. मला वाटायचं माझ्यावर रागावून तू बोलत नाहीस. सुलूनं मागं सांगितलं तेव्हा कळलं, तू माझ्यावर नाही, स्वतःच्या हातांवर रागावलायस. वीस वर्षं तू समजत होतास की तुझ्या हातून राहिलं.

तुझ्या हातून काही राहिलं नव्हतं. सुलूला हे वाचून दाखव. गावाला मी सांगितलंय. आज रविवार, सकाळी मिस्सा सुटल्यावर देवळाच्या पायऱ्यांवर उभं राहून सांगितलं. ज्याचं इंजिन गेलं तो बोटवाला आता हयात नाही, त्याची बायको होती. ती म्हणाली, "कॅजिटन, त्या मानसाचे पाय धर." एडना माझ्याशी जेवणापुरतंच बोलतेय.

माफी मागायला हे लिहिलं नाही. मागायची कोणत्या तोंडानं? पंखाचा सांधा पुन्हा करायचाय, या वेळी माझ्या हातावर माझा भरवसा नाही, एवढंच.

कॅजिटन


पाली
१४ डिसेंबर २०२५

महिपत,

तू गुहागरला परत गेल्यावर जे झालं ते तुला कळवायचा हक्क मला आहे की नाही ठाऊक नाही. पण तू बांधलेलं उडालं आणि तू बघितलं नाहीस, हे मला झोपू देत नाही. म्हणून लिहितो.

आधी तुझ्या अठरा दिवसांबद्दल. सप्टेंबरात तू थेट शेडच्या दारात उभा राहिलास, खांद्याला हत्यारांची पिशवी, आणि माझ्याकडं न बघता बाईंना म्हणालास, "पंख कुठाय?" तेव्हा मी हातातला रंधा खाली ठेवला. मला वाटलं होतं तू वाकस घेऊन माझ्या मागं लागशील. त्यापेक्षा तू जे केलंस ते जड होतं. अठरा दिवस माझ्या बाजूला उभं राहून तू माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. सगळं बाईंच्या मार्फत!

"बाई, त्यांना विचारा, या खुंट्या कोन्या गाढवानं ठोकल्या?"

आपल्यात दोन हातांचं अंतर. बाई बिचाऱ्या माझ्याकडं वळून, "मेस्त्री, ते विचारतायत..."

"सांगा, पालीच्या गाढवानं."

"बाई, त्यांना सांगा, पालीची गाढवं बरी. ती आपलं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर टाकत न्हाईत."

हे बाईंनी पोचवलं नाही. त्या चहा टाकायला गेल्या. पण मला ऐकू आलं होतं, आणि खरं सांगू? इतकं बरं वाटलं. वीस वर्षांनी तुझा टोमणा कानावर पडला.

आणि एडना! तुला 'भावजी' म्हणून दोघांना एकच डबा आणायची. "भांडी घासायला मला दोनच हात हायेत." तू माझ्या पुढ्यातला बोंबील उचललास आणि काटा माझ्या बाजूला ठेवलास. तेही बाईंच्या मार्फत नाही, हे मी ध्यानात ठेवलंय.

पहिले दोन दिवस तू रंधा हातात धरून नुसता उभा होतास. मी बघत नसल्याचं सोंग करत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी सुर्र आवाज आला आणि भुशाची रिबीन निघाली, अखंड, हातभर. मी शेडच्या मागं तुझ्या फणसाखाली जाऊन बसलो. डोळ्यांत भुसा गेला होता असं समज.

सांधा झाला. इंजिनिअरनं भिंग लावून शोधला. सापडेना तेव्हा तुलाच विचारलं, "कुठं आहे?" तू म्हणालास, "असंल तिथंच." मग तू सोळाही भोकं गिरमिटानं स्वतः मोकळी केलीस, प्रत्येकाला पितळी कडं बसवलंस, पिशवी उचललीस आणि दुपारच्या एसटीनं गेलास. आता उडण्याचं ऐक.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी धावपट्टीवर गेलो, मी आणि एडना. बाईंनी निळा डगला घातला होता. पाकोळीत बसण्याआधी खिसे उलटे करून दाखवले, रिकामे. मग माझ्याकडं बघितलं. मीही माझे उलटे केले. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

इंजिन गायला लागलं. शंभर पावलं धावली असेल नसेल, तोवर जमिनीवरून अशी सुटली, जणू कुणी दोर सोडला. वर गेली, लहान झाली. मी म्हटलं, संपलं, आता आवाजच ऐकायचा. तेवढ्यात नाक खाली करून आली आणि सगळं आकाश तिनं एका गोलात बांधलं. खालून वर, वरून उलटी, उलटीची सुलटी. जिथून निघाली तिथंच येऊन मिळाली. सुतार म्हणून सांगतो, सांधा दिसला नाही.

एडनानं माझं मनगट धरलेलं. "माये मरिये, बाय पडंल!"

"नाय पडत. महिपतनं बांधलीय."

मग उभी चढली. चढत चढत वेग संपला आणि क्षणभर नुसती टांगून राहिली, देवानं बोटात धरल्यासारखी. इंजिनाचा आवाजही दबला. आता खाली येऊन पुन्हा सावरताना पंखावर काय जोर येणार ते तुला आणि मला ठाऊक. मग एका बाजूला अशी कलली, खरी पाकोळी भिंतीपाशी वळते तशी, आणि सरळ खाली. शेवटी आमच्या डोक्यावरून उलटी गेली. बाईंचं डोकं जमिनीकडं, पांढरे पंख उन्हात. भोकं दिसली नाहीत, ती आकाशाकडं वळलेली, कशी दिसणार? पण कुठं कुठं आहेत ते मी बोट ठेवून सांगितलं असतं.

साठीची बाई, महिपत. मी आयुष्यात पाण्यावर चालणाऱ्या पन्नासेक वस्तू बांधल्या आणि स्वतःला मोठा समजलो.

पाकोळी जमिनीवर टेकली, बाईंनी इंजिन बंद केलं. मग उतरून डाव्या पंखाखाली वाकल्या, एका भोकावर बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोटावर भुशाचा एक कण. "मेस्त्री, हा तुमचा की त्यांचा?"

मी चष्मा लावून बघितला. पातळ, गुंडाळी झालेला. माझा भुसा असा निघत नाही.

जागा एकाच माणसाची आहे, पण तुझा भुसा फुकटात कोलांट्या मारून आला. तो चिमटीत धरून कागदात बांधलाय. या पत्रात आहे. सांभाळून उघड, पंख्याखाली नको.

कॅजिटन


पाली
१० मार्च २०२६

महिपत,

काल टपालवाल्यानं खोकं दिलं. गुहागरचा शिक्का बघून एडनानं हातातलं मासळीचं टोपलं खाली ठेवलं. आत भुशात लपेटलेलं नवंकोरं बूच. फणसाचं, डोक्यावर तीन खाचा. आणि खाली तुझी चिठ्ठी, वीस वर्षांत तुझी मला आलेली पहिली:

'होडी झाली. पाडव्याला पाण्यात. भोक उघडंच ठेवलंय, बूच तुझ्याकडं आहे. विसरलास तर बुडंल.'

दहादा वाचली. एडनाला वाचून दाखवली. ती आधी हसली, मग पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा माझ्याशी पहिल्यासारखं बोलायला लागली, म्हणजे शिव्याच.

बूच मोठं आहे. होडी किती लांब केलीस, बाबा, या वयात? गिरिजाबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, "मीही येते, या वेळी मी किनाऱ्यावरून बघणार."

आमचा उपासाचा महिना चाललाय, मटण शिजवू नकोस. मासळी चालेल.

बूच खिशात ठेवलेलं नाही. दोरा बांधून गळ्यात घातलंय, सगळ्यांना दिसेल असं. गल्लीत लोक विचारतात हे काय, मी सांगतो. पाडव्याला पहाटे पोचतो. बूच मी बसवीन, पण ओरडायचं तू. किनाऱ्यानं तुझा आवाज ऐकून फार दिवस झालेत.

कॅजिटन